बावीस चेहऱ्यांखाली

मी एक जुना कॅनव्हास आहे. मित्रांनो, तुमच्या चित्रकलेच्या वहीतल्या कागदावर एकदाच चित्र निघतं आणि तो सुखाने मिटून पडतो. माझ्या नशिबी तेवीस चेहरे आले, एकाच्या अंगावर दुसरा. आता त्यातलं धड कुणीच माझ्यावर उरलेलं नाही.

मी मूळचा सोलापूरचाच, जाड मांजरपाटाचा तुकडा. धोंडप्पांनी मला आणलं. हे धोंडप्पा चित्रकलेचे शिक्षक होते. एक दिवस नोकरीवर लाथ मारून ते कथा लिहायला आणि चित्रं काढायला मोकळे झाले. एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये त्यांनी ‘रिकामटेकडे कला मंडळ’ थाटलं. मागाच्या मोडक्या लाकडांची चौकट केली आणि मला तिच्यावर ताणून खिळे ठोकले. दुखलं, पण तेव्हा मला त्याचा अभिमानच वाटला.

मंडळात कोण नव्हतं? कवी होते, तबलजी होते, नाटकवाले होते, फायलींना कंटाळलेले कारकून होते. ज्याचं घरी कुणी ऐकून घेत नसे, तो इथे येऊन तासभर बोले. त्यांची भांडणं कवितेवरून लागत आणि जेवणावर मिटत. जेवण म्हणजे धोंडप्पांच्या बायकोच्या, जगदेवीवैनींच्या हातच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी. वीस-वीस माणसं जेवून उठत आणि पुन्हा कलेवर बोलायला बसत. ताटं कोण उचलतं, याकडे कुणाचं लक्ष नसे.

माझ्यावरचं पहिलं चित्र वैनींचंच. सात दिवस त्या माझ्यासमोर सुपात शेंगा निवडत बसल्या होत्या. हिरवं इरकली लुगडं, कानात बुगडी, आणि नवऱ्याच्या कसल्याशा बोलण्यावर दाबून धरलेलं हसू. ते हसू धोंडप्पांना नेमकं सापडलं होतं. चित्र पुरं झालं तेव्हा वैनी पदराला हात पुसत पुढे आल्या आणि म्हणाल्या, “मी अशी दिसते व्हय? लईच चांगली काढलाव की!” त्यानंतर त्या रोज झाडताना माझ्यासमोर थांबू लागल्या. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं खरं सुख तेवढंच.

वर्षभराने मंडळाचा वाढदिवस आला. वैनी माहेरी, अक्कलकोटकडे गेल्या होत्या. बाहेरगावचे एक पाहुणे आले होते. त्यांचं चित्र काढायची धोंडप्पांना हुक्की आली आणि नवं कापड आणायला सवड नव्हती. मग त्यांनी भाषण ठोकलं. “जपून ठेवतो तो दुकानदार. आपण कलावंत! आपण काही जपायचं नाही!” टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या भरात त्यांनी पांढऱ्या रंगाचा रुंद ब्रश वैनींच्या चेहऱ्यावरून फिरवला.

तेव्हापासून तो मंडळाचा रिवाजच झाला. दर वर्षी जुन्या चेहऱ्यावर पांढऱ्या रंगाचा हात आणि त्यावर नवा पाहुणा. लोक ते बघायला लांबून येत, आणि माझं कौतुक वर्तमानपत्रातही छापून आलं.

त्या पहिल्या वेळी वैनी माहेराहून परतल्या आणि त्यांनी विचारलं, “माझं चित्र कुटं हाय?”

“मोहोळच्या एका मित्राने मागून नेलं. बैठकीत लावलंय. हे कापड नवं आहे,” धोंडप्पा म्हणाले.

मंडळातल्या सगळ्यांना खरं माहीत होतं. वैनींची भाकरी मोडून खाताना एकानेही तोंड उघडलं नाही. मला तर तोंडच नव्हतं. वैनी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना सांगत, “माझं चित्र मोहोळला हाय.” एसटीने त्या रस्त्याने जाताना मोहोळ आलं की त्या खिडकीतून घरं बघत बसत, असं त्यांची लेक दिपाली एकदा हसत हसत सांगत होती. धोंडप्पांना तेव्हा ठसका लागला.

अशी बावीस वर्षं गेली. मग वैनींना पोटाचा असाध्य आजार झाला. औषधांनी केस गेले, गाल बसले. घरात फोटो होते, पण ते लग्नातले खाली मान घातलेले, नाहीतर रेशन कार्डावरचे. एका सकाळी त्या नवऱ्याला म्हणाल्या, “अवो, मोहोळचं चित्र तेवढं आणा. मी कशी हुते, एकदा बघू द्या.”

धोंडप्पा शेडमध्ये आले. पत्रा तापला होता. टर्पेंटाइन आणि पातळ पात्याची सुरी घेऊन ते मला खरवडू लागले. नाटककार निघाले, गायक निघाले, संपादक निघाले. ज्यांच्यासाठी टाळ्या पडल्या होत्या, ते सगळे खपल्या होऊन फरशीवर पडले. “थांब गं, आलोच,” असं ते पुटपुटत होते. बावीस थर एकमेकांत घट्ट मुरले होते. वरचा उचलावा तर खालचाही त्याच्याबरोबर निघे. शेवटी मी फाटलो. मित्रांनो, माझी इच्छा नव्हती हो. हाती लागली ती हिरव्या लुगड्याची एक पट्टी, अर्धा कान आणि बुगडी. हसू कुठल्या खपलीबरोबर गेलं, ते मलाही कळलं नाही.

त्यांनी मला रिक्षात घालून घरी नेलं आणि वैनींच्या खाटेसमोर धरलं. त्यांचे हात रंगाने आणि रक्ताने भरले होते. वैनींनी माझ्याकडे बघितलं. कान ओळखला, बुगडी ओळखली, कडेला उरलेले रंगांचे थरही बघितले. आयुष्यभर कलावंतांच्यात वावरलेली बाई ती, त्यांना सगळं समजलं.

“म्हंजे मी हितंच हुते,” त्या म्हणाल्या. “माज्यावर पैला कुणाला काढलाव?”

धोंडप्पांनी पुष्कळ आठवून बघितलं. “एक पाहुणा होता गं,” ते म्हणाले. “नाव आठवत नाही.”

वैनी लेकीला म्हणाल्या, “दिपाली, सकाळधरनं उपाशी हायत ते. वाढ त्येंना.” आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

अकराव्या दिवशी त्या गेल्या. मंडळ बंद पडलं. धोंडप्पा आता काही लिहीत नाहीत, काढत नाहीत. मी त्यांच्या खाटेखाली आहे. मित्रांनो, मी फाटका कापडाचा तुकडा, तुम्हाला काय शिकवणार? एवढंच मागतो: कुणाच्या नावाने टाळ्या वाजवाल तेव्हा वाजवा, पण त्या टाळ्यांसाठी घरातलं कोण पुसलं जातंय, ते आधी बघा. नंतर खरवडून ते माणूस सापडत नाही.