पांढरं ते पांढरं

दोन वर्षं मी एकाच माणसाची वाट पाहिली, आणि मे महिन्यात भर दुपारी तो माझ्या दौंडच्या दुरुस्तीच्या दुकानात आला. शिरूरचा रोहिदासशेठ. टेम्पोत त्याच्याच कारखान्याचे चाळीस मोबाईल स्टार्टर, सगळे बंद पडून शेतकऱ्यांकडून परत आलेले. शेतकऱ्यानं घरून मिस्ड कॉल दिला की विहिरीवरची मोटार चालू करतो, तोच हा डबा.

या डब्यात सिमकार्डाचं मॉड्यूल असतं. टॉवर लांब असला की ते हावऱ्यासारखं करंट ओढतं आणि त्याला वीज पुरवणारा रेग्युलेटर तव्यासारखा तापतो. म्हणून तो अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवतात आणि मध्ये उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्ट लावतात. शिरूरला मी त्याच्याकडे हेच डबे जोडायचं काम करायचे. एकदा पेस्ट संपली आणि माल संध्याकाळी जायचा होता. शेठनं खिशातून तंबाखूच्या चुन्याची डबी काढली.

"शेठ, चुना वाळला की भेगा पडत्यात. उष्णता भाईर जाणार न्हाई."

"पांढरं ते पांढरं. लाव गप."

मी लावला नाही. त्यानं स्वतः लावला, आणि मग ती सवयच झाली. उन्हाळ्यात डबे बंद पडू लागले तेव्हा त्यानं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, मेहकचं सोल्डरिंग कच्चं आहे, हिला कुणी कामाला ठेवू नका. त्या ग्रुपवर शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांतले डीलर होते. चोर तो चोर, वर शिरजोर! शिरूरमध्ये मला कुणी दारात उभं केलं नाही, म्हणून दौंडला येऊन स्वतःचं दुकान टाकलं.

आता तोच कपाळाचा घाम पुसत उभा होता.

"मेहक, हितला डीलर म्हणतो, तू दुरुस्त केल्याला डबा परत येत न्हाई. शुक्रवारपत्तुर न्हाई झालं तर त्यो माझा माल बंद करतोय."

मी एक डबा उघडला. चुन्याचे पापुद्रे टेबलावर पडले. पट्टीसुद्धा चुन्यानं खाल्ली होती. दुरुस्तीला दिलेला आपला डबा न्यायला आलेले शेतकरी हौशीराममामा वाकून बघत होते.

"आरं, म्हंजी खराच चुना लावला व्हय आमाला!"

शेठ खाली बघू लागला. मी म्हणाले, "आधी ग्रुपवर बोला. लिहायचं न्हाई, तोंडानं."

त्यानं मोबाईल तोंडाशी धरला. "मेहकचं काम चांगलं व्हतं. चूक माझी व्हती."

"कसली चूक, ते ऱ्हायलं. परत."

तिसऱ्या वेळी तो 'चुना' म्हणाला. मेसेज गेला, एकेकानं ऐकला. मला आतून गार वाटलं. तो डबे उतरवायला लागला.

"ऱ्हाऊ द्या. तुमच्या हातातनं एकबी घेणार न्हाई. ज्याचा डबा त्यानं आणावा, लगेच करून देते."

"चाळीस जनांच्या दारात जाऊ? काय सांगू त्यांना?"

"मेहककडं जा म्हणावं."

त्यानं डबे पुन्हा टेम्पोत भरले. खरं सांगते, मला जराही दया आली नाही. तासा-दीड तासानं कुरकुंभकडचा एक शेतकरी डबा घेऊन आला.

"शेठ स्वतः आला व्हता. हात जोडून म्हणला, मेहकताईकडं जा."

"काय म्हणला?" मी विचारलं. "परत सांगा."