खाजेच्या गोळीनं गोत विसरतं

आमच्या तांड्यात सोयरीक जुळवायची तर आधी माझ्या नवऱ्याला, धरमसिंगला विचारायचे. कोणत्या गोताचं कोणत्या गोताशी भाऊपण आहे, कुठं लग्न चालतं, कुठं नाही, सगळं त्याच्या तोंडपाठ. त्याच तोंडानं त्यानं तांड्याच्या मुखियाच्या, किशन नाईकाच्या नातीची, निताची सोयरीक भाऊगोतात, जिथं लग्न चालतच नाही तिथं, मंजूर केली. साखरपुड्यात पोराच्या मामानं भर मांडवात चूक काढली. सोयरीक मोडली.

तांडा म्हणाला, दारू पिला असंल. ज्यानं जन्मात थेंब चाखला नाही, तो. मग म्हणाले, येडा झाला. नाईकानं तांड्याच्या बैठकीतली त्याची जागा तांड्यातल्याच उदयसिंगला दिली आणि मला म्हणाला, "वयनी, आता याले घरीच बांधून ठेवा."

बांधून ठेवायला तो काय बैल आहे?

नवरा बिघडला होता, खरं आहे. जेवून उठायचा आणि भाकर मागायचा. तोंड कोरडं, चालताना भिंत धरायचा. पण हे सुरू झालं बाजारगावच्या डॉक्टरच्या गोळ्यांनंतर. खाजेची, झोपेची, लघवी आवरायची. पाकिटं घेऊन मी त्या डॉक्टरकडं गेले. मान वर न करता म्हणाला, म्हातारपण आहे.

"मंग मले काहून नाही आलं? मी याच्याहून मोठी आहो," मी म्हटलं. "तुमच्या बापाले देता का ह्या गोळ्या?"

त्यानं मला बाहेर काढलं.

वाशीमच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं पाकिटं निरखून पाहिली. गोळ्या साध्याच, पण उतारवयात एकत्र पोटात गेल्या की डोकं सुन्न करतात, म्हणाली. खाजेची बंद करून मलम दिलं, लघवीची बदलली. झोपेची मात्र एकदम सोडू नका म्हणाली. तिच्या सांगण्यानं हळूहळू कमी केली.

माणूस ताळ्यावर आला. मी बैठकीत जाऊन सांगितलं, तर सगळे खदखदून हसले. नाईक म्हणाला, "खाजेच्या गोळीनं गोत विसरते? मंग खोकल्याच्या औषधानं बायको विसरंल."

नंतर निताला दुसरं स्थळ आलं. उदयसिंगनं होकार दिलाही. पण पोरगी सरळ आमच्या दारात आली.

"आबा, तुमी सांगा. उदयसिंगकाकावर माहा भरोसा नाही."

धरमसिंगनं पोराचं गोत विचारलं, त्याच्या आईचं विचारलं. बराच वेळ बोटांवर गोतं मोजत बसला.

"जुळते," तो म्हणाला. "बिनघोर कर."

नात आत होती तोवर नाईक आमच्या अंगणाबाहेर उभा होता. मी त्याला बस म्हटलं नाही.