फरखालचा ठरलेला प्रश्न

उद्यानातल्या रविवारच्या फेरीत बाबा फरच्या झाडापाशी आले की "हे अबिएस" एवढंच म्हणायचे आणि थांबायचे. लोकांना ते नाट्य वाटायचं. पूर्वी ते नाट्यच होतं. अलीकडे बाबांना पुढचं आठवत नसायचं.

निवृत्त झाल्यावरही ही फेरी बाबांकडेच राहिली होती. सदाहरित झाडांची लॅटिन नावं आणि त्यांचे अर्थ सांगावेत ते बाबांनीच, असं सगळे म्हणत. पण हल्ली गाडी रुळावरून घसरायला लागली होती. एकदा अबिएस नावाची राणी निघाली. पुढच्या खेपेला अबिएस म्हणजे म्हातारा नावाडी. लोक बिचारे मान डोलावत, फोनमध्ये टिपून घेत. मी तिथंच तिकीटखिडकीवर बसते. बाहेर पडताना एक बाई आपल्या नवऱ्याला त्या नावाड्याची गोष्ट रंगवून सांगत होती, ती ऐकून मी खिडकीची स्वच्छ काच पुन्हा पुसली.

मग आम्ही शक्कल काढली. आम्ही म्हणजे मी. बाबांनी नुसतं हो म्हटलं. फेरीच्या वेळेला खिडकी मैत्रिणीवर सोपवून मी गर्दीत मिसळायचं. बाबांचं अडलं की त्यांनी टोपी काढायची, आणि मी परकी होऊन असा प्रश्न विचारायचा की उत्तर त्याच्या पोटातच असेल. काय हो, पिसिया हे नाव झाडाच्या काळ्या चिकट डिंकावरून पडलं म्हणतात, खरं का? बाबा म्हणायचे, अगदी खरं, आणि गाडी पुढे. घरी आल्यावर चप्पल काढता काढता हसायचे, "ठमे, तू फार आगाऊ पाहुणी आहेस हं." ठमी हे माझं घरातलं नाव. पन्नाशी आली तरी सुटलेलं नाही.

आज मात्र उद्यानाच्या प्रमुखबाई स्वतः फेरीला येणार होत्या. झाडं ओळखायला त्या बाबांकडेच शिकल्या. सकाळी त्यांनी मला पाण्याचे पाइप ठेवायच्या खोलीत बोलावलं आणि सांगितलं की तक्रारी आल्यात, आज ऐकते, नाही जमलं तर फेरी दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल. वर म्हणाल्या की मला फार वाईट वाटतंय गं. वाईट मलाही वाटत होतं. दोघींनी मिळून वाटून घेतलं तरी काही कमी होईना. फेरी गेली की बाबांचा आठवडाच गेला. सोमवारपासून ते रविवारची टोपी झटकत बसलेले असतात.

फेरी सुरू झाली. सायप्रसपाशी बाबा घडाघडा बोलले. सेम्परविरेन्स, म्हणजे नेहमी हिरवं राहणारं. तरी हिरवं राहायला मुळाशी पाणी साचून चालत नाही, असा टोलाही माळ्यांना हाणला. लोक हसले. प्रमुखबाईंचा चेहरा जरा सैल झाला.

मग फर आला.

"हे अबिएस," बाबा म्हणाले. थांबले. टोपी काढली.

मी मागून आवाज चढवला. "अबिएस म्हणजे निघून जाणारं, असं ऐकलंय. जमिनीपासून लांब, उंच निघून जातं म्हणून. खरं का हो?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी या वेळी त्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक मिश्कील सुरकुती पडते, आमच्या दोघांच्या अळीमिळी गुपचिळीची. ती पडली नाही.

"वाचन चांगलं आहे ताई तुमचं. कुणी सांगितलं हे?"

मला वाटलं, आज स्वारी रंगात आलीय. मीही रेटलं. "माझ्या वडिलांनी."

"त्यांना माझा निरोप द्या," बाबा शांतपणे म्हणाले. "म्हणावं, हा अर्थ लोकांना आवडतो, म्हणून सगळे सांगतात. मीही सांगत आलो. पण शब्द फार जुना आहे, आणि त्याचं मूळ खात्रीनं कुणालाच सांगता येत नाही. माहीत नाही ते माहीत नाही म्हणावं. त्यात लाज कसली?"

प्रमुखबाईंनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. जाताना बाईंनी माझा दंड दाबला आणि कानाशी म्हणाल्या की पुढच्या रविवारीही फेरी त्यांचीच, त्याच्या पुढच्याही. मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं. काय सांगणार? बाबांचं एक अक्षर चुकलं नव्हतं.

लोक पांगले. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "बाबा, चला, घरी जाऊ."

त्यांनी आदरानं मान लववली, जशी कुठल्याही पाहुणीपुढे लववतात.

"थांबा ताई, एक राहिलंच." त्यांनी फांदीवरची पानाची एक सुई तोडून माझ्या तळहातावर ठेवली. "बोटांत धरून फिरवून बघा. चपटी असते, फिरत नाही. म्हणजे फर. एवढं लक्षात ठेवलंत की कधी चुकणार नाही."

हे त्यांनी मला शिकवलं तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते. मी ती सुई चिमटीत धरली आणि पहिल्यांदाच बघत असल्यासारखी फिरवून पाहिली.

"नाही फिरत," मी म्हटलं.

"बघा," बाबा खूश होऊन म्हणाले, आणि टोपी घालून फाटकाकडे निघाले. त्यांचा हात धरावा की मागून चालावं, ते मला कळेना.