मनगट

सरपंच सोपानरावांनी दिलेला नारळ धुरपदानं आधी पदरानं पुसला. मग नव्या फलाटाच्या काठाला हळद-कुंकू वाहिलं आणि एका दणक्यात तो फोडला. पाणी सिमेंटवर पसरलं, उन्हानं लगेच सुकलं.

"घ्या काकू," सोपानराव म्हणाले, "आता सोप्यातनं माजघरात गेल्यागत गाडीत शिरायचं. उड्या मारायचं दिवस संपलं."

"आन् गाडी थांबलीच न्हाई तर, आप्पा?" मागून कुणीतरी टोमणा मारला. बायका हसल्या. धुरपदा हसली नाही.

बोरमळ्याचा थांबा गावानंच मुरूम टाकून उभा केलेला. त्याआधी गाडी वळणावर हळू झाली की लोक रुळांतच उड्या टाकायचे. पुढं शटल मिनिटभर थांबू लागली, पण फलाट वीतभर उंच आणि डबा छातीएवढा. म्हणून इथल्या बायकांची रीत पडली. आधी चढलेलीनं खालचीला वर ओढायचं, आणि ओढताना मनगट धरायचं. बोटं घामानं निसटतात. नव्या सुनेला विहिरीची वाट दाखवावी तशी ही गोष्ट शिकवली जायची.

धुरपदाची सून सविता याच फलाटावर गेली. शेजारच्या कुशाबाईनं वरून तिला हात दिला होता. गाडी हलली आणि सविता फटीत गेली. कुशाबाईनं बोटं धरली होती, हे सगळ्यांनी पाहिलं. का धरली, ते कुणी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. तेव्हापासून या फलाटाला तिनं पाय लावला नव्हता. कोथिंबिरीचं गाठोडं घेऊन ती मागच्या ठेसनाला, केडगावला जाऊन गाडीत बसायची.

बायका चातुर्मासात एखादं धान्य सोडतात, तसं धुरपदानं तिच्याशी बोलणं सोडलं होतं. त्या नेमाचं उद्यापन मात्र कधी आलं नाही.

"आज्जी, हात सोड की. मी काय बारकी हाय व्हय?" पूनम म्हणाली. सविताची ही लेक आज हडपसरच्या कंपनीत पहिल्यांदा कामाला निघाली होती. हातात कालच भरलेला हिरवा चुडा होता. उद्या घरात चुलत भावाची हळद. चुड्याकडं बघून धुरपदाच्या ओठांशी काहीतरी आलं. तिनं ते गिळलं.

गाडी आली आणि पुढं सरकतच राहिली. उंची वाढवली होती ती अर्ध्याच फलाटाची. बायकांचा डबा नव्या सिमेंटच्या पार पुढं, जुन्या मुरमावर जाऊन थांबला. बायका पळाल्या. धुरपदाही पळाली.

दारात कुशाबाई उभी होती. पूनमला बघून ती क्षणभर थबकली, मग खाली वाकली. हात पुढं आला.

"मनगट नको, कुशामावशी," पूनमनं बोटं पुढं केली. "बांगड्या वाढतील. उद्या हळद हाय."

कुशाबाईचा हात हवेतच थांबला. तिनं पूनमच्या डोक्यावरून धुरपदाकडं पाहिलं.

सविता गेली तेव्हाही घरात हळद होती. त्या सकाळी उंबऱ्यात उभी राहून धुरपदाच म्हणाली होती, "एक जरी बांगडी वाढवलीस सविता, तर हळदीला हात लावू द्यायची न्हाई."

शिट्टी झाली. डबा हलला.

"मनगट धर, कुशे!" धुरपदा ओरडली. "फुटू दे बांगड्या! फुटू दे!"

शेजारच्या दोघी दचकल्या. असं भरल्या हाताला कुणी बोलत नाही.

कुशाबाईनं मनगट पकडलं. काचा कडाकडा मोडल्या. पूनमचे पाय मुरमावर फरफटले, मग वर गेले. दारात रक्ताचा ओघळ लागलेले दोन हात दिसले; कुणाचा कुठला, कळत नव्हतं. गाडी यवतच्या बाजूला निघून गेली.

"काकू, या इकडं," सोपानरावांनी लांबून हाक दिली. "फोटू काढायचाय."

धुरपदा मुरमावर बसली होती. खडीतले हिरवे तुकडे एकेक करून ती पदरात घेत होती. सविताच्या वेळी बांगड्या शाबूत होत्या; वेचायला एकही तुकडा नव्हता.