सोजरची साळा अन् आमचा ऊस

"अगं मनुबाई, ह्ये कुनाचं प्वार दिवाळीपास्नं काखंला मारून हिंडतीयास?" लीलाबाईनं भर आडावर इचारलं. वर म्हनती कशी, "ह्या वयात पुन्यांदा पाळना हालला व्हय गं तुज्या घरात? अन् आमाला बारशाला बलवनं न्हाई?"

आडावरच्या सगळ्या बाया फिदीफिदी हसल्या. मी घागर खाली ठिवली, पोराला दुसऱ्या काखंला घेतलं अन् म्हनलं, "हसा. दात हायती तवर हसून घ्या. ह्ये ऊसतोड्याचं प्वार हाय. बबन नाव त्येचं. माज्याकडं का आलं ते ऐकायचं आसंल तर बसा खाली. न्हाईतर रहाट धरा अन् आपापलं पानी वढा."

बसल्या गं सगळ्या! पान्याची घाई कुनालाच न्हाई. मग म्याबी सांगाय लागले.

गेल्या सालची गोष्ट. आनीबानी उठली, विलक्शन झालं, त्येच्या पाठोपाठची. चैताचं ऊन मी म्हनत व्हतं. गावचा सगळा ऊस तुटून गेल्याला, आमचा तेवढा वढ्याकडंचा फड ऱ्हायला व्हता. तुरं पडल्यालं, पाचट वाळून खुळखुळ वाजतंय, ढेकळावर पाय ठिवला तर चटका बसतोय. आमचं कारभारी पडलं पल्टनीतनं आल्यालं हवालदार. त्येंना सगळं कसं घड्याळावर पायजे. अन् ऊसतोड्यांची टोळी बगावी तर पार सुस्तावल्याली. दिवाळीपास्नं ज्या मानसांनी गावचा ऊस सपासप लोळवला, ती आमच्याच फडात आल्यावर पाय वढाय लागली. एक सरी तोडायची अन् सावलीला बसायचं. घटकाभर कोयत्याला धारच लावायची.

कारभारी बांदावरनं वरडायचं, "आरं भानुदास, हात हालतोय का मेलाय? चलो चलो! पल्टनीत आसतास तर एका दिसात सरळ केला आसता तुला."

भानुदास खाल मुंडी घालून म्हनायचा, "तोडतोय की आबा. ऊन लई हाय."

"ऊन काय तुलाच लागतंय? सूर्व्या काय फकस्त तुज्या डोस्क्यावर उगवलाय?"

भाकरी घीऊन गेले की म्याबी दोन शब्द टाकून यायची. आपल्याला काय, त्वांड हाय म्हनून चालवायचं.

ह्यो भानुदास बीडाकडच्या मुलखातला. संगं बायकू मुक्ता, थोरली पोरगी गया, अन् ह्यो बबन. तवा ह्यो तान्हा व्हता. आनि एक मधली पोर गावाकडं म्हातारीजवळ ठिवल्याली, पहिलीत घालायची म्हनून. गया चौथीतली. तिकडच्या साळंनं तिचं नाव काढून टाकल्यालं, कारन पोरगी दिवाळी झाली की हिकडं येनार. आपल्या मुलानी गुरुजींनी टोळीच्या पाचटाच्या कोप्यांवर जाऊन तिला हुडकून आनली अन् वर्गात बसवली. ती बबनला घीऊनच यायची. प्वार रडाय लागलं की भायेर जाऊन खिडकीतनं फळ्यावरलं वाचत उभी ऱ्हायाची, अन् काखंत झोका दिल्यागत त्येला हालवत असायची. तुमी बगितलीया की सगळ्यांनी. दुपारनं ऊसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, वाढ्याच्या पेंड्या डोईवर घीऊन गावात इकाय यायची. माजी म्हस तिच्याच वाढ्यावर जगली.

एक दिस कडुसं पडायच्या आदी गुरुजी आलं. कारभारी जेवाय बसल्यालं.

"सयाजीआबा, एक मागणं आहे," गुरुजी म्हनालं. "गयाची चौथीची केंद्राची परीक्षा सोमवारी आहे, रहिमतपूरला. तुमचा फड त्याआधीच संपतोय. संपला की टोळी दुसरीकडं हलणार. तेवढा ऊस सोमवारपर्यंत उभा राहू द्या."

"उबा ठिवू? गुर्जी, चिपाड झालंय त्येचं! अजून चार दिस ठिवला तर कारखान्याऐवजी चुलीत घालावा लागंल."

"ती पास झाली तर त्यांच्या तालुक्याला बोर्डिंग आहे, तिथं पाचवीला घेतील. नाही झाली तर पुढच्या साली तिचं लग्न लावतील. त्यांच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आबा. पोरगी बारा वर्षांची झाली की कोयत्याला जोड हुडकतात."

"मग लावूद्यात की लगीन! आमच्या घरातल्या बाया काय चौथी शिकल्यात व्हय? आनि माजा ऊस वाळवून दुसऱ्याची पोर शिकवायला म्या काय धर्मशाळा घातलीया?"

गोठ्याकडं धपकन आवाज झाला. बगतोय तर गया. डोईवरच्या पेंड्या खाली टाकून उबी. सगळं ऐकल्यालं तिनं. मला वाटलं, आता ही भोकाड पसरती. तर न्हाई. माज्याकडं बगून म्हनाली, "मावशी, म्हशीम्होरं टाकू का वाढं?" अन् टाकलंबी. सांडल्यालं गोळा केलं, म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवला, बबनला उचललं अन् गेली. गुरुजीबी उठून गेलं.

कारभाऱ्यांच्या तोंडातला घास तोंडातच फिराय लागला. म्हनालं, "भाकरी निबार झालीया आज."

"भाकरी मऊ हाय," मी म्हनलं. "कुटं आडकतीया ते तुमचं तुमी बगा."

आता खरं सांगायचं तर म्या तरी तवा गुरुजीम्होरं कुटं शब्द काडला व्हता? ऊस काय त्येंच्या एकट्याचा व्हता?

दुसऱ्या दिशी दिस उगवायच्या वक्ताला इंजनाचा आवाज आला. मी म्हनलं, ह्या टायमाला हिरीवर कोन? जाऊन बगते तर आमचं कारभारी! धोतार खोचून, फावडं घीऊन, तोडीला आल्याल्या ऊसात पानी सोडत्यात. सगळ्या सऱ्या भरल्याल्या, गुडघ्याएवढा चिक्कूल.

"आवं, येड लागलं का काय तुमास्नी? तोडीच्या ऊसाला पानी?"

"हळू बोल," कारभारी म्हनालं. "ह्यात आता वाफसा येस्तवर गाडी शिरत न्हाई. ऊस उबा हाय तर टोळी कुटं जातीया? बसंल हितंच. सोमवारी पोरगी परीक्षा दील. हाय का न्हाई डोस्कं?"

"मग गुर्जीला सांगा की जाऊन."

"काल त्येच्याम्होरं न्हाई ते बरळून बसलोय. आता कंच्या तोंडानं सांगू? तूबी बोलू नगंस कुनाला."

मला, बायांनो, लय बरं वाटलं. लग्नाला इतकी सालं झाली, पन त्या दिशी त्येंच्या चिखलानं भरल्याल्या पायाकडं बगून मला भरून आलं. घरी जाऊन च्यात साखर जास्ती घातली.

ती साखर नरड्याखाली उतरायच्या आत कारखान्याचा चिटबॉय फटफटी घीऊन हजर. बाळासो. काल मिसुरडं फुटल्यालं पोरगं, पन तोडीची चिठ्ठी त्येच्या हातात, म्हनून बोलायचा कसा पाटलागत.

"वा हवालदार! वजन वाढवाय पानी पाजलं व्हय? कारखान्याला रस पायजे, तुमच्या हिरीचं पानी न्हाई."

चार मानसं गोळा झाली. तुमच्यातल्या दोघीतिघींचं घरवालं व्हतं त्यात, मी नाव घेत न्हाई. कुनी म्हनलं, सयाजीला हाव सुटली. कुनी म्हनलं, पल्टनीत हेच शिकून आला. अन् आमचं कारभारी, ज्येंना एक शब्द उनाअधिक खपत न्हाई, ते गपगार खाली बगत उबं. मी डोळ्यानं खुनावलं, सांगा की खरं काय ते. पन त्येंनी मान वर केली न्हाई.

मग बाळासोनं मुकादमाला हाळी घातली. "त्रिंबक, कोप्या मोडा. टोळी आजच हलवा कराडाच्या अंगाला, तिकडं ऊस पडलाय. ह्यो वला फड ऱ्हाऊदे. कारखान्याचा पट्टा पडून औंदाचं गाळप बंद व्हायच्या आत जमलं तर बगू."

त्या वक्ताला कारभाऱ्यांचं त्वांड बगवत नव्हतं. पल्टनीत गोळ्या खाल्ल्याला मानूस, पन पळत सुटलं कोप्यांकडं. त्येंच्यामागं मी.

भानुदास कोपीच्या चटया सोडत व्हता. मुक्ता भांडी पोत्यात भरत व्हती. गया बबनला घीऊन गाडीच्या जुवाला टेकून उबी.

"भानुदास, जाऊ नगं रं," कारभाऱ्यांना धाप लागल्याली. "वजनासाठी न्हाई गड्या, म्या पानी ह्या पोरीसाठी सोडलं. तिची परीक्षा व्हावी म्हनून. टोळी हितंच थांबंल आसं वाटलं मला."

भानुदासाच्या हातातली चटई गळून पडली. त्यो मुक्ताकडं बगाय लागला, मुक्ता त्येच्याकडं.

"आबा," शेवटाला भानुदास म्हनाला, "आमी हळू हळू तोडत व्हतो, ते कशापायी वाटलं तुमाला? दिवाळीपसून सपासप तोडनारी मानसं तुमच्याच फडात आल्यावर आळशी झाली व्हय? सगळ्या टोळीनं ठरवलं व्हतं, सोमवारपतूर फड पुरवायचा. परतेकानं आपलं प्वाट मारून कोयता धीमा केला व्हता, माज्या पोरीसाठी. तुमी बांदावरून शिव्या देत व्हते, आमी ऐकून घेत व्हतो."

"मग बोलला का न्हाईस रं?"

"मालकाला कसं सांगावं, तुमचा ऊस मुद्दाम लांबवतोय म्हनून? तुमी तरी पानी सोडायच्या आदी एक डाव इचारायचं, आबा."

कारभारी मट्टदिशी खाली बसलं, तितंच पाचटात. मी म्हनलं, "मुक्ता, पोरीला आमच्याकडं ठीव. सोमवार झाला की पोचती करते."

"अन् बबनला कोन बघंल, आक्का? आमी दोघं फडात. आनि वयात यायला झालेली पोर परक्या गावात कशी ठिवू?" तिचं काय चुकलं? गाड्या गेल्या. गया पाठीमागं त्वांड करून बसली व्हती. तिनं आमच्याकडं बगितलं, पन रागानं न्हाई. रागानं बगितलं आसतं तर बरं झालं आसतं.

दोन दिस कारभारी जेवलं न्हाईत. मला ते बगवंना. रैवारी सकाळी मी लुगडं बदललं, म्हनलं, "उठा. एस्टी धरायची हाय." इचारत इचारत कराडाच्या अंगाला गेलो, टोळी हुडकली. मुक्ताम्होरं उबी ऱ्हायले अन् म्हनलं, "तुजी लेक ह्येंच्यासंगं जाऊदे. गुर्जीच्या घरात निजंल, त्येंच्या बायकूजवळ, फरीदाजवळ. अन् तुज्या लेकीच्या बदली मी हितं ऱ्हाते. बबन मी बगते. तुजी लेक परत आली की मग मला सोड."

मुक्तानं मला वरपास्नं खालपतूर बगितलं. मग गयाला म्होरं बसवलं अन् तिची येनी घालाय लागली.

सोमवारचा सबंद दिस मी त्या कोपीत काडला. वर पाचट, खाली भुई, वारं न्हाई, डोस्कं फुटायची येळ. बबन किरकिर करतोय. दुपारी मुक्ता त्येला पाजाय आली. हात पाचटानं चिरल्यालं, त्या हातानंच त्येला घेतलं. मला माज्या घरातला साखरंचा डबा आठवला, अन् मेल्याहून मेल्यागत झालं. सांजच्याला गया आली, पेपर दिल्याली. म्होरं पास झाली म्हनून गुरुजींनी सांगितलं. आमचा ऊस काय तुटला न्हाई. पट्टा पडला. निम्मा जनावरांनी खाल्ला, निम्मा गुऱ्हाळात गेला. सगळा गाव हसला, तुमीबी हसलात. पन कारभारी त्या दिसापास्नं पोटभर जेवाय लागलं.

मग औंदा दिवाळीला टोळी परत आली. कारभारी रोज कोप्यांकडं चकरा मारायचं. भानुदासाला बैलाचं इचारायचं, तिकडच्या पावसाचं इचारायचं, म्हातारीच्या गुडघ्याचंसुदिक इचारायचं. पन गया कुटं हाय, त्येवढं मातुर इचारायला जीभ उचलंना. घाबरत व्हतं मानूस. लगीन लावलं म्हनाला तर? शेवटाला मीच गेले. "मुक्ता, गया कुटं हाय गं?"

"बोर्डिंगात हाय आक्का. पाचवीत."

कारभाऱ्यांनी डोईचा पटका काडून त्वांड पुसलं. तेवढ्यात कोपीच्या आडनं एक बारकी पोर आली. सात-आठ सालाची. काखंत बबन. प्वार मोठं अन् पोर ल्हान, दोन्ही हातानं कवळा घालून वाकडी होऊन चालतीया.

"ही कोन गं?"

"मधली. सोजर," मुक्ता म्हनाली. "गावाकडं पहिलीत घातली व्हती. पन गया बोर्डिंगात गेली, मग बबनला कोन बघंल? म्हनून हिची साळा सोडवून आनली."

बायांनो, काय सांगू. एकीला साळंत घातली म्हनून आमी खुशीत, अन् तिच्या जागंला दुसरी आनून उबी केल्याली. पटका कारभाऱ्यांच्या हातात तसाच ऱ्हायला. घरी आल्यावर म्हनालं, "आता काय करायचं गं?"

"काय करायचं? पुन्यांदा पानी सोडू नगा म्हंजी झालं," मी म्हनलं. दुसऱ्या दिशी गेले अन् ह्येला उचलून आनला. रोज सकाळी सोजर साळंत जाती, ह्यो माज्या काखंत. तुमी पाळना हालला म्हना, न्हाईतर काय म्हना. अन् कारभाऱ्यांनी बाळासोचं पाय धरायचंच बाकी ठिवलं, आमचा खोडवा, जुन्याच बुडख्यांवर फुटल्याला ऊस, सगळ्यात शेवटाला तोड म्हनून. आता त्योच तुटतोय. टोळी हळू तोडतीया. कारभारी बांदावर जातच न्हाईत.

कुनी हसंना. लीलाबाई पदराच्या टोकाशी चाळा करत बसली. आडाच्या चौथऱ्यावरनं आमचा फड दिसतोय. महिन्याखाली त्येच्या पल्याडचं काय दिसत नव्हतं. आता वढ्याकडंची बाभळ बुंद्यापास्नं दिसाय लागलीया.

तेवढ्यात साळा सुटली. सोजर पाटी हालवत पळत आली, बबनला घ्याय हात पुडं केलं, अन् रोज इचारती तेच इचारलं. "मावशी, तुमचा ऊस किती ऱ्हायलाय?"

मी फडाकडं बगितलं.

"लय हाय बाळा," लीलाबाई मधीच म्हनाली. "अन् ह्येंचा सपला तर आमचा हाय की. तू जा साळंला."

लीलाबाईचा ऊस संक्रांतीच्या आदीच तुटून गेलाय.