रोसाची चाल

नारळाचं दूध.

टीव्हीवर चुकीचं उच्चारलेलं एका जहाजाचं नाव.

शिवून तयार असलेला कोट.

अर्ध्यावर थांबलेल्या टाळ्या.

मित्रांनो, हे सगळं ज्याच्या तारांवरून गेलं, ते जुनं व्हायोलिन म्हणजे मी. मालवणजवळ आल्बर्टच्या घरात खुंटीला आहे. त्याच्या वडिलांनी मला म्हापशाहून आणलं. वरची फळी देवदाराची, गज घोड्याच्या केसांचा.

चाळीस वर्षं आल्बर्ट आणि मी रोसाला वाजवत आलो. ख्रिस्ती लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्याला नारळाच्या दुधाने न्हाऊ घालतात, तो रोस. त्याची चाल उड्या मारणारी. ती सुरू झाली की म्हातारीकोतारीसुद्धा टाळ्या धरतात. आल्बर्टचं कौतुक व्हायचं, माझंही.

मग आल्बर्टच्या मुलाचं, रॉयस्टनचं लग्न ठरलं, लग्नाचा कोटही शिवून आला. तो मालवाहू जहाजावर होता. दुसऱ्यांच्या युद्धातलं एक क्षेपणास्त्र त्या जहाजावर पडलं. टीव्हीवर जहाजाचं नाव चुकीचं उच्चारलं गेलं. रॉयस्टन सापडला नाही.

गावाने चर्चच्या अंगणात युद्धाविरुद्ध सभा ठेवली. आल्बर्टने गाणं रचलं. चर्चमध्ये गाणं शिकवणारी ग्लिनिस म्हणाली, “अंकल, ह्या गाणा जोरात होया. ड्रम लावया, कवायतीसारख्या.”

“ड्रम वाजलो की पाय चलूक लागतत गो,” आल्बर्ट म्हणाला. “तसेच चलत सगळे लढाईक जातत. माका लोक थांबूक होये.”

त्याने रोसाची चाल घेतली.

“नारळाचा दूध काढून ठेवला, नवरो खंय आसा?”

अंगणाने सवयीने टाळ्या धरल्या. कोणीतरी हसलंही. माझा गज उड्या मारत दुसऱ्या ओळीवर आला.

“दर्याक आग लागली, नवरो खंय आसा?”

टाळ्या विस्कटल्या. काही हात हवेतच राहिले. चाल मात्र तशीच नाचत होती. आल्बर्टने ती जराही संथ केली नाही. मारियान, रॉयस्टनची आई, एकटी टाळ्या वाजवत राहिली.

“तुमी कित्याक थांबलास?” ती म्हणाली. “माझ्या झिलाचो रोस आसा.”

कोणीच पुन्हा हात उचलला नाही. शेवटपर्यंत आम्ही तिघंच होतो.

त्यानंतर आम्हाला रोसाला बोलावणं आलं नाही. ती चाल ऐकली की लोकांना रॉयस्टन आठवतो, आणि लग्नघरात तो कोणाला नको असतो. आता तिथे कीबोर्ड वाजतो. आल्बर्ट मला पुसतही नाही. खारा वारा येतो. एक तार तुटली, तेव्हा घरात कोणी नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनं वाद्य असेल तर त्याच्या तारा अधूनमधून पुसा. आणि ओळखीच्या चालीत कोणी आपलं दुःख गायलं, तर ती चाल टाकून देऊ नका. टाळ्या धरा, चुकल्या तरी चालतील.

रॉयस्टनला व्हायोलिन येत नव्हतं. वडील वाजवायचे तेव्हा तो टाळ्या धरायचा.