पहिला टांगा

"मास्तर, लेखातला सूर्य जरा अलीकडे घेऊ का?" नियाज कंपोझिटरने विचारले. "सिंहस्थाच्या स्पेशल गाड्यांच्या वेळापत्रकानं शून्याचे सगळे खिळे खाल्ले. दोन कमी पडतात."

"सूर्य आहे तिथंच राहील. अंतर आकड्यांऐवजी अक्षरात जुळवा, नियाजभाई," बोरस्ते मास्तर म्हणाले आणि पुन्हा छापखान्यात येरझारा घालू लागले.

निफाडजवळच्या त्यांच्या गावाने गणितात एम. ए. झालेला माणूस आधी पाहिला नव्हता. पाहिल्यावरही गावाला काही फरक पडला नाही. अकरा वर्षे मास्तर एकाच प्रमेयाची सिद्धता मांडत होते. नाशिकच्या या साप्ताहिकाचे मालक गोटीरामशेठ म्हणाले, "चाळीस आठवडे विज्ञानाचं सोपं सदर लिहा, तुमची सिद्धता फुकट छापतो." मास्तरांनी धूमकेतूवर लिहिले, विजेवर लिहिले, जांभईवर लिहिले. जांभईला सर्वांत जास्त पत्रे आली. हरसूलच्या एका वाचकाने कळवले, की लेख मोठ्याने वाचताच घरातल्या सर्वांना प्रत्यय आला.

आज चाळिसावा लेख जुळत होता. शेजारी सिद्धतेचे पहिले पान खिळ्यांत जुळवून, दोरीने बांधून तयार होते.

"पण हे आहे तरी काय?" नियाजने त्या पानाकडे बोट केले. "हातानं जुळवलं, डोक्यात काय शिरलं नाय."

मास्तरांना सोपे करून सांगायची आता सवयच जडली होती. "समजा, नाशिक रोडहून टांग्यांची रांग गावात येतेय. पुढचा पोचला, की मागचा पोचतोच, एवढं मी सिद्ध केलंय. म्हणजे सगळे पोचणार. हजारावासुद्धा!"

"वा! आणि सगळ्यात पुढचा?"

"त्याचं काय?"

"तो कुणाच्या मागं जाणार? तो निघालाच नाय तर?"

मास्तरांनी सिद्धतेची वही उघडली. पहिल्याच पानाच्या समासात त्यांच्याच अक्षरात लिहिले होते: 'पहिल्याचे नंतर पाहू.' खाली साल, १९२१.

ते उठून गोदाकाठी गेले. परत आले, पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला चपला घाटावरच राहिल्या. पहिला टांगा काही हलेना.

गोटीरामशेठ डोकावले. "काय मास्तर, चढवू मशिनवर? शब्द दिलाय."

"नको. चूक आहे."

"असू द्या हो! कोण वाचणारंय?"

"मी वाचलं," मास्तर म्हणाले.

शेठ आत गेले. नियाजने पानाची दोरी सोडली आणि एकेक खिळा परत ज्याच्या त्याच्या खणात टाकू लागला. मास्तर बाह्या सारून शेजारी उभे राहिले. कुठला खण कशाचा, त्यांना ठाऊक नव्हते. ते एक खिळा उचलत, विचारत. नियाज बोटाने दाखवत होता.